गाण्याच्या मधलं

हरी राठोड माझ्या दुकानात गाणी भरून घ्यायला यायचा नाही, गाण्याच्या मधलं भरून घ्यायला यायचा.

आजच्या वाचकाला हे जरा समजावून सांगावं लागेल. वसमतला बसस्टँडकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं कॅसेटचं दुकान होतं. घरात देवळाची पूजा, वडील काकड्याला उभे राहायचे आणि मी शेजारी बसून पेटीवर साथ करायचो. त्यातच आवाज पकडून ठेवायचा नाद लागला आणि मी पूजेऐवजी टेपरेकॉर्डर धरला. लोक मला 'टेपवाले महाराज' म्हणू लागले. त्या नावात आदर किती आणि चेष्टा किती, हे मी कधी मोजलं नाही.

धंदा साधा होता. गिऱ्हाईक कागदावर गाण्यांची यादी लिहून आणायचं आणि मी ती गाणी कोऱ्या कॅसेटमध्ये भरून द्यायचो. हे कायद्यात बसत नव्हतं, आणि ते मला ठाऊक होतं; पण तेव्हा गावोगाव हेच चाललेलं असायचं. यात कसब एकच. साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. बाजू संपताना गाणं मध्येच तुटता कामा नये आणि शेवटी टेप कोरीही राहता कामा नये. यादी वाचता वाचता मी मनात गाण्यांची लांबी जुळवायचो, कुठलं आधी, कुठलं नंतर ते ठरवायचो. कोरी टेप सोडणं मला ताटात अन्न टाकण्यासारखं वाटे.

हरी गोरेगावजवळच्या तांड्यावरचा. लग्नसराईत वसमतच्या एका बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा. बँडमध्ये तो शिरला तो डोक्यावर बत्ती धरायला. वाद्य हातात आलं ते मूळ वाजवणारा भांडून निघून गेला म्हणून. तुळशीचं लग्न जवळ आलं की बँडवाल्यांना त्या वर्षीची नवी गाणी बसवावी लागत. बाकीचे येऊन गाणी ऐकून जात. हरी मात्र गल्ल्यासमोर उभा राहून, डोळे मिटून, हवेतल्या हवेत बोटं चालवायचा. एका कार्तिकात तो मला म्हणाला,

"महाराज, गाणं राहू द्या. बाई गाऊन राहिली तिथं माझं काम न्हाई. ती थांबली की मधी जे साक्सफोन वाजतंय ना, तेवढंच भरून द्या."

"नुसतं मधलं?"

"नुसतं मधलं. जेवढ्या गाण्यात असंल तेवढं."

असलं काम मला कुणी सांगितलं नव्हतं. दुकानातल्या शेकडो कॅसेट मी पुढे-मागे फिरवल्या. कुठे आठ सेकंद, कुठे वीस. दोन महिने लागले, पण दोन्ही बाजू मिळून चोपन्न मिनिटं भरली. गाणी कुणाची हे मला तोंडपाठ होतं. पण मधला सॅक्सोफोन कोणी वाजवला हे एकाही वेष्टणावर लिहिलेलं नव्हतं. तेव्हा त्याचं मला काही वाटलंही नाही. मी वर फक्त लिहिलं, 'हरी – मधलं'.

दुसऱ्या बाजूला शेवटी सहा मिनिटं उरली.

त्याच सुमारास धरणावर बदलून आलेले एक इंजिनिअर साहेब माझ्याकडे यायचे. त्यांच्या परदेशी कॅसेटना पावसाळ्यात बुरशी धरली होती. मी स्पिरिटमध्ये बोळा बुडवून, टेप हाताने उलगडत, एकेक कॅसेट साफ केली. तपासायला म्हणून एक लावली आणि घाबरलो. साहेब आले तेव्हा म्हणालो, "माफ करा, माझ्या हातून टेप बिघडली. वाजवणारे एकमेकांपासून सुटलेत."

साहेब खुर्चीत बसून हसले. "सुटलेले नाहीत हो, बोलतायत. याला जॅझ म्हणतात. एक जण विषय काढतो, मग प्रत्येक जण आपापलं सांगतो. काय सांगायचं ते आधी ठरलेलं नसतं."

"म्हणजे अभंग एकच, पण बुवा दर खेपेला निरूपण वेगळं करतात, तसं?"

"तसंच समजा."

तर हरीच्या कॅसेटवर उरलेल्या सहा मिनिटांत मी साहेबांच्या त्या कॅसेटमधलं भरलं. सॅक्सोफोनच आहे, हरीला चालेल, एवढाच विचार. ते वाजवणं सहा मिनिटांपेक्षा लांब होतं. ऐन रंगात टेप संपली आणि ते तुटलं. एक नियम पाळायला मी दुसरा मोडला. पुढे साहेबांची बदली झाली, कॅसेट त्यांच्याबरोबर गेल्या, वाजवणाऱ्याचं नाव मी विचारलंच नव्हतं.

हळूहळू मी दुकानामागच्या खोलीत रेकॉर्डिंगही करू लागलो. भिंतींना गोधड्या ठोकल्या, दाराला जुनी सतरंजी लावली, माझ्या बसायच्या जागेपुढे काच बसवली. भजनी मंडळं यायची, तांड्यावरच्या बाया होळीची गाणी गायला यायच्या. कुरुंद्याचा एक हळदवाला शेतकरी आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आला. तिच्या जात्यावरच्या ओव्या त्याला ठेवून घ्यायच्या होत्या. म्हातारी दर दोन ओव्यांना खोकायची. त्याने सांगितलं, "महाराज, खोकला तेवढा काढून टाका." मी दोन दिवस बसून एकेक खोकला कापला आणि ओव्या अशा जोडल्या की सांधा कुणाला कळू नये. आपल्या हातावर मी फार खूश होतो. वर्ष-दीड वर्षाने तो पुन्हा आला. आई गेली होती. म्हणाला, "महाराज, तो खोकला परत घालता येतो का?"

मी मूळ टेपवर दुसरं काहीतरी भरून टाकलं होतं.

कॅसेट गेली, सीडी आली. सीडी गेली, लोक मोबाईलमध्ये मेमरी कार्ड भरून घ्यायला येऊ लागले. मग तेही थांबलं, कारण सगळी गाणी हवेतच आली. कंपन्यांचे ॲप, महिन्याची वर्गणी भरली की जगातलं कुठलंही गाणं कुठेही. माझ्या दुकानाच्या पुढच्या भागात मोबाईलची कव्हरं लटकली. मागची खोली मात्र मी मोडली नाही. भजनी मंडळांना आता आपलं भजन 'मोबाईलमध्ये दिसायला' हवं होतं. ते काम मी शिकून घेतलं. गाणं सरळ त्या मोठ्या कंपन्यांकडे जात नाही. मध्ये एक कंपनी असते, तिच्याकडे गाणं, चित्र आणि नाव पाठवायचं, मग ती सगळीकडे पोचवते. आणि ऐकणाऱ्याने पहिलं अर्धं मिनिट ऐकल्याशिवाय ते ऐकलं असं धरत नाहीत. म्हणून हल्ली गाण्याला आलाप राहिला नाही. देवाचं नाव पहिल्या पाच सेकंदांत घ्या, असं मी बुवांना सांगायचो. ते मला शिव्या द्यायचे आणि ऐकायचेही.

अशा दिवसांत एका दुपारी एक मुलगी आली. पाठीवर शालीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट. खांद्यावरच्या पिशवीतून तिने एक कॅसेट काढून काउंटरवर ठेवली. अक्षर माझंच होतं. 'हरी – मधलं'.

"टेपवाले महाराज तुमीच का? मी पूनम. हरी राठोडची पोरगी."

हरी मला बारा-तेरा वर्षांत भेटला नव्हता. डीजेच्या गाड्या आल्या आणि त्याचा बँड बसला, तो तांड्यावर जाऊन शेती करू लागला, एवढं कानावर होतं. "कसा आहे तुझा बाप?" मी विचारलं.

"बरा हाय. काका, एक विचारायचं व्हतं. ह्या कॅसेटीच्या शेवटी जे हाय ते अर्धंच हाय. पुढं काय व्हतं?"

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि मी खाली बसलो. हरीच्या घरी भिंतीवर टांगलेला सॅक्सोफोन या मुलीने दहा-अकरा वर्षांची असताना उतरवला होता. बापाने बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं, घरात टेप होता, कॅसेट एकच. आधी तिने ती चोपन्न मिनिटं शिकून घेतली, आणि मग ती सहा. आता ती हिंगोलीला कॉलेजात होती. मोबाईलवर तिने जॅझ म्हणून जे जे मिळेल ते ऐकलं होतं. कॅसेट लावून मोबाईलला ऐकवूनही पाहिली होती. "त्यालाबी वळखू आलं न्हाई," ती म्हणाली.

मी तिला खरं सांगितलं. मूळ कॅसेट माझ्याकडे नाही, नाव माहीत नाही, आणि ते तोडलं मीच. तिचा चेहरा पडला.

"मग पुढचं तू काय वाजवतेस?"

"माझं मीच वाजवते. दर बारीला येगळं व्हतंय."

मी तिला मागच्या खोलीत नेलं आणि माईक लावला. तिने पत्ती जिभेने ओली केली. ती पत्ती म्हणजे फुंकायच्या तोंडाशी बसवलेली बोरूची पातळ पट्टी. आवाज तीच देते. कॅसेटवरची सहा मिनिटं तिने जशीच्या तशी वाजवली, आणि जिथे टेप तुटली होती तिथे ती न थांबता पुढे गेली. आधी जपून, ओळखीच्या माणसाचा हात धरून चालल्यासारखी; मग हात सोडून. त्यात लग्नाच्या वरातीतलं काही होतं, तांड्यावरच्या होळीतलं काही होतं, आणि बाकीचं कशातलंच नव्हतं, तिचं होतं. आवाज मोजणाऱ्या काट्यावर नजर ठेवणं हे माझं काम. त्या दिवशी आवाज दोनदा तांबड्यात गेला आणि माझं लक्ष नव्हतं.

एक गोष्ट मात्र कानाला लागली. एक ठरावीक स्वर ती सरळ लावत नव्हती. खालून घसरत यायची आणि त्याला शिवून लगेच सोडायची.

"असं का?" मी विचारलं.

ती हसली. "तकलीफ हाय ह्याला. ह्या चावीखालची गादी बराबर बसत न्हाई, हवा जाते. सरळ लावला की फुस्स. बापू असाच वाजवायचा, मंग मीबी तसंच शिकले."

आम्ही ते रेकॉर्डिंग तिच्या नावाने वर टाकलं. नाव ठेवलं 'पुढं काय'. दोन महिन्यांत ज्यांनी ऐकलं त्यांना एका जीपमध्ये बसवता आलं असतं. पण त्यातला एक जण मुंबईच्या एका कंपनीतला होता.

त्याचं नाव तन्मय. फोनवर फार नम्र, मला 'सर' म्हणायचा. स्वतः गिटार वाजवायचा. त्याच्या कंपनीला पूनमकडून चाळीसेक तुकडे हवे होते. प्रत्येक दोन-अडीच मिनिटांचा, सॅक्सोफोन, मागे मंद ताल. कॉफीच्या दुकानात, अभ्यास करताना, झोप येण्यासाठी लावतात ना, तसे. पैसे दर महिन्याला खात्यात. फक्त नाव पूनमचं नसणार. प्रत्येक पाच-सहा तुकड्यांना एक वेगळं, परदेशी वाटेल असं नाव कंपनी देणार.

"आमच्या श्रोत्याला ऐकायचं नसतं, सर," तन्मयने समजावलं. "त्याला दुसरं काहीतरी करायचं असतं. संगीत मागे हवं. मान वर करून बघावं लागेल असं काही नको."

करार आठ पानी, इंग्रजीत. मी चष्मा पुसून दोनदा वाचला. त्यात एका ठिकाणी, हे ध्वनिमुद्रण तंत्रज्ञानाच्या विकासासाठी वापरता येईल, असं वाक्य होतं. मला वाटलं, कंपन्या असलं काहीबाही लिहितातच.

पूनम म्हणाली, "काका, माझं नाव काहून नको त्यायला?"

"आधी पाय ठेवायला जागा तर मिळू दे. नाव मागून येतं," मी म्हणालो.

आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या, पण इतक्या शहाण्यासारखा आवाज काढून दुसरी कुठली केली नाही. हिंगोलीची खोली, कॉलेज, तांड्यावर धाकटी भावंडं; तिने सही केली. साक्षीदार म्हणून खाली माझी सही.

तो हिवाळा आम्ही त्या तुकड्यांत घालवला. बाजार भरला की हळदीच्या ट्रॅक्टरांचा आवाज गोधड्यांतूनही आत येई, म्हणून बाजार बंद असेल त्या दिवशी ती हिंगोलीहून यायची. वाजवता वाजवता ती रंगात आली आणि कुठे वळायला लागली की मी काचेमागून हात वर करायचो. ती थांबायची. पुन्हा सुरू करायची, सपाट. फुंक घेतानाचा तिचा श्वास ऐकू यायचा. कंपनीला तो नको होता. मी एकेक श्वास कापला. कुरुंद्याच्या त्या माणसाची आठवण तेव्हा मला यायला हवी होती. आली नाही.

तुकडे चालले. कुठल्या तरी देशात लोक ते लावून झोपत होते. पूनमने एकदा मला एका नावाखालचं चित्र दाखवलं: टोपी घातलेला, पिकल्या दाढीचा एक गोरा माणूस. "ही मी," ती म्हणाली. दोघं हसलो. उन्हाळ्यात कंपनीने कळवलं, सध्या नवीन तुकडे नकोत.

त्यानंतर काही आठवड्यांनी ती अवेळी आली. भर उन्हात, ओढणीने तोंड बांधून. आल्या आल्या मोबाईल माझ्या कानाशी धरला. सॅक्सोफोन होता, मागे मंद ताल. नाव त्या दाढीवाल्याचंच.

"चांगलं झालंय," मी म्हणालो. "हा कुठला तुकडा? मला आठवेना."

"म्या न्हाई वाजवला."

"मग?"

"नीट ऐका."

मी हेडफोन लावले. तिसऱ्यांदा ऐकताना कळलं. तो एक स्वर. खालून घसरत येऊन शिवायचा आणि सोडून द्यायचा. हरीच्या वाद्याच्या गादीतून हवा जात होती म्हणून जी लकब जन्मली, ती इथे होती. पण वाद्यही नव्हतं, गादीही नव्हती, फुंकणारं कुणी नव्हतं. कंपनीने यंत्राला चाळीस तुकडे ऐकवले होते आणि ते आता स्वतःच नवे करत होतं. असे वीस-बावीस तुकडे आम्हाला सापडले.

"बापूच्या साक्सफोनचं दुखणंबी उचललं त्यानं," पूनम म्हणाली. ती रडली नाही. तिने मोबाईल उलटा ठेवला आणि पाणी मागितलं.

मी तन्मयला फोन लावला. त्याने नोकरी सोडली होती. "सर, मला हे माहीत नव्हतं. मी आता संगीतात नाही," एवढंच म्हणाला. कंपनीला पत्रं लिहिली. पहिल्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही. तिसऱ्याला आलं, त्यात करारातलं तेच वाक्य होतं. नांदेडच्या एका वकिलाने कागद पाहून सांगितलं, लढता येईल, पण सही स्पष्ट आहे.

पूनमला मी म्हणालो, "दोष माझा आहे. आणि खरं सांगू? मला भांडायला तोंडही नाही. तीस वर्षं मी लोकांची गाणी न विचारता भरून दिली."

"तुमी कॅसेटीवर गाणाऱ्याचं नाव तरी लिवत व्हता."

"तुझ्या बापाच्या कॅसेटवर नाही लिहिलं."

तिने माझी समजूत घातली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने घातली नाही, ते बरोबर केलं.

हरीला हे मीच सांगायचं ठरवलं. हिंगोलीपर्यंत बसने आणि तिथून जीपने गोरेगावला उतरलो. पूनम बरोबर होती. तांड्यावर पोचलो तेव्हा हरी अंगणात बाजेवर बसून दोर वळत होता. केस सगळे पांढरे. मला पाहून उठला, वाकायला लागला तर मी हात धरला. त्याच्या बायकोने चहा ठेवला. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट. तो दोर वळत ऐकत राहिला.

"महाराज," तो शेवटी म्हणाला, "बँडमधी माझं तरी नाव कुठं व्हतं? ढोलावर मालकाचं नाव. लोक म्हणायचे, अमक्याचा बँड आला."

"म्हणजे तुला याचं काही वाटत नाही?"

"वाटतंय ना. म्या तापानं पडलो की मालक इथवर यायचा. ह्याच बाजेवर बसून राहायचा, म्हणायचा, हरी, ऊठ बाबा, तुज्याबिगर वरात हलत न्हाई." त्याने दोर खाली ठेवला. "हिच्याबिगर त्यायचं हलून राहिलं. ते वाईट झालं."

पूनम आतून सॅक्सोफोन घेऊन आली. "बापू, ही गादी बदलून आणायची."

हरी चमकला. "काहून? वाजतोय की. म्या उभ्या जन्मात बदलली न्हाई."

"म्हणून तर. माझं सगळं त्यायनं घेतलं, ह्या दुखण्यासकट. आता बसू दे त्याला तेच घेऊन. मला तो सूर सरळ लावायचाय."

हरी बराच वेळ ती चावी करंगळीने दाबत राहिला. मला वाटलं, नाही म्हणेल. चार दिवसांनी तो स्वतः हैदराबादला गेला, जुन्या बँडवाल्यांकडून पत्ता काढून एका दुरुस्तीवाल्याकडे बसून राहिला आणि वाद्य नीट करून घेऊन आला. पूनमला मात्र तो स्वर सरळ लावायला महिना गेला. बोटं सवयीने घसरायची. वाद्य बरं झालं होतं, माणसाला वेळ लागला.

या ॲपच्या कंपन्यांचं पुढे काय होणार, असं मला लोक विचारतात. त्यांना वाटतं, महाराजांनी इतके अवतार पाहिलेत, तर त्यांना कळत असेल. मला कळत नाही. कॅसेटवाले म्हणायचे, यापुढे काय येणार? सीडीवाले तेच म्हणायचे. आज गाणं या कंपन्यांचंच, दुकान यांचंच, आणि आता वाजवणाराही यांचाच होऊ लागलाय. उद्या ऐकणाराही तेच बनवतील आणि मग आपल्याला त्यात काही कामच उरणार नाही. एवढं खरं की जगाच्या पाठीवर कुठलंही गाणं तांड्यावरच्या पोरीला फुकट ऐकायला मिळालं तेही यांच्यामुळेच. माझ्या गिऱ्हाइकांत परदेशी कॅसेट एकाच माणसाकडे होत्या.

आणि ते 'पुढं काय' ज्यांनी ऐकलं, त्या जीपभर माणसांत पुण्यातली तीन पोरं होती. एक पियानोवाली, एक बास गिटारवाला, एक ड्रमवाला; तिघंही विशी-बाविशीतली, जॅझ वाजवणारी. त्यांनी पूनमला निरोप धाडला, "शेवट कोणी वाजवलाय? तुम्हीच?" मग रोज बोलणं सुरू झालं. भाद्रपदात ती तिघं वाद्यं घेऊन वसमतला आली. चार दिवस माझ्या गोधड्यांच्या खोलीत चौघांनी सराव केला. ड्रम दारात, कारण आत मावेना. मी काचेमागे बसायचो आणि दोन्ही हात मांडीखाली ठेवायचो.

पाचव्या दिवशी कार्यक्रम. पितृपक्ष होता, लग्नं नव्हती, म्हणून बाजाराजवळचं मंगल कार्यालय मालकाने सहज दिलं. चार वाजता सत्तर-ऐंशी माणसं जमली. कॉलेजच्या मुली, माझी भजनी मंडळं, हरीच्या बँडमधले उरलेले तिघे-चौघे. मी माझी रेकॉर्डिंगची पेटी घेऊन गेलो होतो. तारा सोडवायला लागलो आणि काय वाटलं कुणास ठाऊक, उठून पूनमकडे गेलो.

"रेकॉर्ड करू का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता.

"आज नको काका. आज नुसतं ऐका."

मी पेटी बंद केली. वळून पाहिलं तर हरी आत आलेलाच नव्हता. तो फाटकाशी उभा होता, वाद्य नसलेले हात पाठीमागे धरून. मी त्याला बोलवायला गेलो.

"इथं पन्नास-साठ लग्नं वाजवली असतील महाराज," तो म्हणाला. "बँडवाल्यानं फाटकापोतर यायचं. आतमधी कसं हाय ते आज बघून राहिलो."

तेवढ्यात पूनम स्टेजवरून उतरून आली. बापाचा दंड धरला आणि सगळ्यांच्या समोरून त्याला पुढे नेऊन वरमायांसाठी ठेवतात त्या लाल कोचावर बसवलं. मीही शेजारी बसलो. हरीने चपला काढून कोचाखाली सारल्या.

चौघांनी वाजवायला सुरुवात केली. पियानोवालीने विषय काढला, बासवाल्याने मान डोलावली, आणि पूनम उभी राहिली. तिने तो स्वर लावला, सरळ, आणि धरून ठेवला. हरीची करंगळी मांडीवर दाबलेली मी पाहिली.

मध्येच एक फेटेवाले म्हातारे आत आले. वाजंत्री ऐकून रस्त्यावरून आले असावेत. पितृपक्षात कुणाचं लग्न, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. जागा पाहून ते हरीच्या पलीकडे बसले, घाम पुसला, थोडा वेळ ऐकलं आणि हरीच्या कानाशी वाकून विचारलं,

"तुमी कोणाकडून पाव्हणं? मुलाकडून का मुलीकडून?"

हरीने स्टेजवरची नजर काढली नाही.

"मुलीकडून," तो म्हणाला.